एरंडेलावर उडणारी विमानं: रोटरी इंजिनाच्या तेलाचं एक प्रकरण

१९१८ चा वसंत. पश्चिम आघाडीवर जर्मनीच्या यागडगेश्वाडर २ या फायटर विंगकडे नवीन विमानं आली, सीमेन्स-शुकर्ट डी ३. छोटं, गुबगुबीत विमान, पण वर चढण्यात त्याचा हात धरणारं त्या वेळी फार कुणी नव्हतं. आत सीमेन्स-हाल्स्केचं ११ सिलिंडरचं १६० हॉर्सपॉवरचं रोटरी इंजिन. पायलट खूश होते, आणि मग इंजिनं बंद पडायला लागली. सात ते दहा तास चाललं की पिस्टन जाम. एखाद-दुसरं इंजिन असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं, पण हे एकामागून एक व्हायला लागलं आणि मे महिन्यात विमानं आघाडीवरून परत पाठवावी लागली. कारण शोधताना बोट गेलं ते टाकीतल्या तेलाकडे. टाकीत एरंडेल नव्हतं, व्होल्टॉल नावाचं पर्यायी तेल होतं.

मी या प्रकरणात गेलो तो इंजिनाच्या आवडीपायी, आणि अडकलो तो एकाच प्रश्नात, की तेल बदललं तर इंजिन दहा तासांत का बसावं? आपण कॉलेजात शिकतो ते लुब्रिकेशन म्हणजे खाली संप, म्हणजे तेल साठायचं भांडं, त्यातून पंप तेल उचलतो, फिल्टर, मग गॅलरी, म्हणजे तेलाच्या वाटा, मग बेअरिंग, आणि काम झालं की तेल आपोआप खाली गळून परत संपमध्ये. गोल चक्कर. गाडीत चार लिटर तेल टाकलं की दहा हजार किलोमीटर तेच तेल फिरत राहतं. रोटरीत ही चक्कर जमतच नाही, आणि ती का जमत नाही हे नीट कळलं की बाकीचं सगळं प्रकरण उलगडत जातं, म्हणून मी आधी तिकडेच जातो आणि मग परत १९१८ मध्ये येतो.

रोटरी म्हणजे मझदाचं तिकोनी रोटरवालं इंजिन नव्हे, ते व्हँकेल. इथे बोलतोय ते पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं रोटरी, ज्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला रॉडने जोडलेले असतात तो दांडा, विमानाच्या सांगाड्याला घट्ट बोल्ट केलेला असतो आणि क्रँककेस, म्हणजे त्याच्याभोवतीची पेटी, सिलिंडर, सगळं इंजिनच त्याच्याभोवती गरगर फिरतं, प्रोपेलर थेट क्रँककेसला लावलेला. पॅरिसच्या सेगाँ बंधूंनी, लुई आणि लोराँ, हे नोम नावाने बाजारात आणलं. १९०९ मध्ये र‍्हेम्सच्या विमान मेळाव्यात आँरी फार्मानने ५० हॉर्सपॉवरचं नोम लावून उड्डाणं केली आणि तिथून पुढे हे इंजिन सगळीकडे गेलं. कारण साधं होतं. सिलिंडर स्वतःच हवेत फिरतात म्हणून आपसूक थंड होतात, पाणी नको, रेडिएटर नको, जड फ्लायव्हील नको. त्या काळात इतक्या कमी वजनात इतकी ताकद दुसरं कुठलं इंजिन देत नव्हतं.

आता तेलाचं बघू. इंजिन मिनिटाला १२०० फेरे फिरतंय असं धरा. केंद्रापासून २० सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण सिलिंडरच्या तळाशी, तेलाच्या थेंबावर किती जोर येतो? कोनीय वेग सुमारे १२५.७ रेडियन प्रति सेकंद, त्याचा वर्ग गुणिले ०.२ मीटर, म्हणजे ३१५० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर. गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ३२० पट. ४० सेंटीमीटरवर, हेडच्या बाजूला, ६४० पट. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर काढला तेव्हा दोनदा तपासला. जिथे थेंबाला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाच्या शेकडोपट आहे तिथे "खाली" ही दिशाच उरत नाही, सगळीकडे फक्त "बाहेर" आहे. क्रँककेसमध्ये सोडलेलं तेल पिस्टनच्या बाजूने सिलिंडरमध्ये जाणार, रिंगांना चुकवून हेडकडे जाणार आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धुरासोबत बाहेर. ते परत आणायचं तर प्रत्येक फिरत्या सिलिंडरमधून ओढून घेणारी काहीतरी यंत्रणा हवी, म्हणजे वजन, आणि वजनासाठीच तर हा सगळा खटाटोप.

म्हणून ठरलं की तेल परत येणारच नाही. टाकीतून निघेल, एकदा काम करेल आणि जाईल. याला टोटल लॉस म्हणतात. मला विचाराल तर या सिस्टिमचं खरं डिझाइन हा एकच निर्णय आहे, बाकी पंप, पाइप, टाकी हे सगळं त्याच्या मागून आलेलं.

आणि एकदा परतीचा रस्ता सोडून दिला की काही गोष्टी फारच सोप्या होतात, हे मला फार आवडलं. साध्या इंजिनात फिरत्या क्रँकशाफ्टच्या पोटात तेल घालायचं तर ते बेअरिंगमधून दाबाने ढकलावं लागतं. इथे क्रँकशाफ्ट उभाच आहे, हलत नाही, आणि पोकळ आहे. त्यामुळे तेलाचा पाइप सरळ मागून आत घालता येतो, फिरता जोड नको की सील नको. पाइपातून तेल क्रँकपिनपाशी जातं, तिथून मास्टर रॉडच्या, म्हणजे बाकीचे रॉड ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य रॉडच्या, मोठ्या टोकात, आणि तिथून पुढे ढकलायचं काम इंजिन फुकटात करतं, कारण बाहेर फेकणारा जोर आहेच. जो जोर तेल परत येऊ देत नाही तोच ते सगळ्या सिलिंडरांपर्यंत पोचवतो. पंप लहान, प्लंजरवाला, मागच्या बाजूला बसवलेला आणि इंजिनाच्या फिरण्यावरच गिअरने चालणारा. याचा एक मोठा फायदा होता. ही इंजिनं थ्रॉटलने नीट हळू व्हायची नाहीत, बरेच पायलट उतरताना बटण दाबून मधेमधे इग्निशन बंद करायचे, मग इंजिन ठिणगीशिवाय नुसतं फिरत राहायचं, पण फिरतंय म्हणजे पंप चालू, म्हणजे तेल चालू. तेल फेऱ्यांशी बांधलेलं होतं, पायलटच्या हाताशी नाही. मला हा शहाणपणाचा निर्णय वाटतो.

पंपाच्या ठोक्यांचा आणखी एक उपयोग. कॉकपिटमध्ये पॅनेलवर काचेचा एक छोटा फुगा असायचा, पल्सेटर. तेलाच्या लाइनला जोडलेला. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला त्यातलं तेल वरखाली व्हायचं. पायलट ते ठोके घड्याळावर मोजून इंजिनाचे फेरे काढू शकायचा, आणि तेल हललं नाही तर त्याला कळायचं की आता उतरायची जागा शोधायला हवी. डॉक्टरने मनगट धरून नाडी बघावी तसंच, तेलाचं इंडिकेटर आणि फेऱ्यांचा मीटर एकाच काचेत.

किती तेल लागायचं? १०० हॉर्सपॉवरचं नोम मोनोसुपाप, म्हणजे नोमचं एकाच व्हॉल्व्हचं मॉडेल, तासाला दोन गॅलनपेक्षा जास्त तेल खायचं. आपण हिशोबाला ९ लिटर धरू. मिनिटाला १५० मिलिलिटर, सेकंदाला अडीच. इंजिन सेकंदाला २० फेरे मारतंय, म्हणजे एका फेऱ्याला १/८ मिलिलिटर, ते नऊ सिलिंडरांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१४ मिलिलिटर. थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला तर एका सिलिंडरला साडेतीन-एक फेऱ्यांत एक थेंब. असं बघितलं की ते काही उधळपट्टी वाटत नाही, पण अडीच तास उडायचं म्हटलं की २२ लिटरच्या वर तेल सोबत न्यायचं, एवढं वजन फक्त हवेत सोडून द्यायला. ज्यांनी बजाज चेतक चालवलीय त्यांना आठवत असेल, पेट्रोल पंपावर पेट्रोलसोबत दोन टक्के ऑइल टाकून घ्यायचं, ते पण टोटल लॉसच होतं. फरक प्रमाणात आहे, आणि दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे, तो म्हणजे तेल कुठलं.

कारण अर्धी गोष्ट अजून राहिलीय. नोममध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये जायचं कुठून? त्याच पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये, आणि तिथून आत, सुरुवातीच्या नोममध्ये पिस्टनच्या डोक्यात बसवलेल्या व्हॉल्व्हमधून, १९१३ च्या मोनोसुपापमध्ये सिलिंडरच्या तळाशी असलेल्या भोकांमधून. म्हणजे जिथे तेल काम करतंय तिथूनच ओलं पेट्रोल वाहतंय. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळतं, एकाच घरातली भावंडं ती. चेतकला ते चालतं, कारण तिथे तेल मापाने पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, पेट्रोल उडालं की मागे राहिलेलं तेल छोट्या रोलर बेअरिंगला पुरतं. इथे मात्र तेल वेगळं येतंय आणि पेट्रोलचा प्रवाह ते धुऊन काढतोय. सिलिंडरच्या भिंतीवरचा, रॉडच्या पिनांवरचा थर पातळ झाला की धातूवर धातू.

एरंडेल पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. सगळं गणित इथे सुटतं. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं, आणि त्याच्या साखळीवर बाराव्या कार्बनला एक हायड्रॉक्सिल गट लटकलेला असतो. हा गट नेहमीच्या खाद्यतेलांत असा मिळत नाही. त्याच्यामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात म्हणून तेल जाड, धातूला चिकटून राहतात म्हणून थर टिकतो, आणि पेट्रोलपासून अंग चोरून असतात म्हणून धुतलं जात नाही. अल्कोहोलमध्ये मात्र ते मस्त विरघळतं. मॉडेल विमानं उडवणाऱ्यांना हे माहीत आहे, त्यांच्या छोट्या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल एकत्र असतं. मी पहिल्यांदा असं मॉडेल इंजिन चालताना जवळ उभा होतो तेव्हा तो वास ओळखीचा वाटला आणि कळेना कुठला, मग लक्षात आलं, लहानपणी आजी पोट साफ व्हायला चमचाभर द्यायची तोच, फक्त जळका आणि जरा गोडसर. कॅस्ट्रॉल हे नाव पण कॅस्टरवरूनच आलंय, हे पण मला मोठेपणी कळलं.

आपल्याकडे म्हण आहे, ओसाड गावी एरंड बळी. दुसरं काही उगवत नाही तिथे एरंडालाच मोठं झाड म्हणायचं. बांधावर आपोआप उगवणाऱ्या या झुडपाला आपण काडीची किंमत दिली नाही, आणि युरोपात त्याच्या बियांच्या तेलावर लढाऊ विमानं उडत होती.

पण एरंडेल म्हणजे सगळं गोड असंही नाही. ते तापून तापून घट्ट होतं, चिकट वार्निशसारखा थर बसतो, रिंगा अडकतात, व्हॉल्व्ह चिकटतात. त्यात नोमचे सिलिंडर अखंड पोलादी ठोकळ्यातून कोरलेले, भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि फिरताना एका बाजूला वारा लागतो, दुसऱ्या बाजूला कमी, त्यामुळे गरम झाले की गोल राहायचे नाहीत. म्हणून पिस्टनला साध्या कडक रिंगेऐवजी पितळी पातळ लवचिक रिंग होती, ऑब्च्युरेटर म्हणायचे तिला, वाकड्या सिलिंडरशी जुळवून घेणारी. असली नाजूक रिंग तेलाचा थर फाटला तर किती वेळ टिकणार? इंजिन वीस-पंचवीस तासांनी उघडून साफ करावं लागायचं, जळलेलं एरंडेल खरवडून काढावं लागायचं. थंडीत तेल इतकं जाड व्हायचं की उड्डाणाआधी मेकॅनिक ते गरम करून टाकीत ओतायचे. आणि बाहेर पडणारं तेल जाणार कुठे, तर पायलटच्या अंगावर. पुढचं पत्र्याचं गोल झाकण, काउलिंग, ते बऱ्याच अंशी यासाठीच होतं, की तेलाचे शिंतोडे अडवून खालच्या बाजूने बाहेर सोडावेत. तरी गॉगलवर यायचंच, मग पायलट स्कार्फने पुसायचे. तो धूर नाकातोंडात जाऊन पोटाचे हाल व्हायचे असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, आणि एरंडेल काय करतं हे आपल्याला घराघरात माहीत असल्यामुळे मला त्यावर विश्वास ठेवायला जड जात नाही.

आता परत १९१८. एरंड युरोपात फारसा पिकवला जात नव्हता. बी यायचं ते गरम देशांतून, आणि त्यातला मोठा पुरवठादार ब्रिटिशांच्या ताब्यातला हिंदुस्थान. ब्रिटनच्या नौदलाने जर्मनीची समुद्रवाट बंद केली तेव्हा धान्य, रबर, तांबं यांच्या यादीत एरंडेलही अडकलं. दोस्त राष्ट्रांच्या बाजूला पण ताण होताच, अमेरिकेने युद्धात उतरल्यावर एरंडाची लागवड करायला घेतली, लाख एकरांच्या घरात, आणि पेरायला बियाणं मागवलं हिंदुस्थानातून. पण त्यांना निदान मागवता तरी येत होतं. जर्मनीला पर्याय शोधण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. व्होल्टॉल हा तो पर्याय, पातळ तेलातून विजेचा डिस्चार्ज सोडून त्याचे रेणू जोडायचे आणि तेल घट्ट करायचं, अशी पद्धत. रसायनशास्त्र म्हणून हुशारीचं काम आहे, याबद्दल मला त्या लोकांचं कौतुकच वाटतं.

अडचण अशी, की जाडी हा एरंडेलाच्या गुणांपैकी फक्त एक गुण. तेल दोन बोटांत चोळून जाड लागलं म्हणजे ते गरम पिस्टनवर थर धरून ठेवेलच असं नाही. हायड्रॉक्सिल गटामुळे मिळणारी धातूची ओढ आणि पेट्रोलपासूनचा दुरावा, हे वीज सोडून कसं येणार? मला वाटतं चूक इथे झाली. चूक म्हणजे कुणाचा दोष नव्हे, हातात दुसरं काही नव्हतं. पण तेल हे बाटलीतून टाकायचं काहीतरी आहे, डिझाइनच्या बाहेरचं आहे, असं धरलं की असं होतं. नोमच्या वंशातल्या इंजिनांत तेल हा एक पार्ट होता, पिस्टनइतकाच, ऑब्च्युरेटर रिंगेइतकाच. त्याच्या भरवशावर भिंती पातळ ठेवल्या, त्याच्या भरवशावर पेट्रोल क्रँककेसमधून नेलं.

सीमेन्सचं इंजिन तर नोमपेक्षा अवघड जागी उभं होतं. त्यात सिलिंडर एका दिशेने मिनिटाला ९०० फेरे आणि क्रँकशाफ्ट उलट्या दिशेने ९०० फेरे. आत इंजिनाला वाटतं आपण १८०० ने फिरतोय आणि ताकदही तितकी मिळते, पण बाहेरच्या हवेच्या दृष्टीने सिलिंडर फक्त ९०० नेच फिरतायत. म्हणजे उष्णता जास्त फेऱ्यांची, वारा कमी फेऱ्यांचा. मी वरचंच गणित ९०० ला करून बघितलं, २० सेंटीमीटरवर जोर १८० पटीच्या आसपास येतो, १२०० फेऱ्यांपेक्षा जवळजवळ निम्मा. तेलावर जास्तीत जास्त ताप, आणि तेल सगळ्यात कच्चं. सात ते दहा तासांत बसलं यात मला आता आश्चर्य वाटत नाही.

त्यांनी दुरुस्ती काय केली ते बघण्यासारखं आहे. एरंडेल कुठून आणणार, म्हणून तेलाला जे झेपत नव्हतं ते कमी केलं. इंजिन सुधारून घेतलं आणि काउलिंगचा खालचा भाग कापून टाकला, म्हणजे सिलिंडरला जास्त वारा. जुलैमध्ये विमानं परत सेवेत आली आणि या वेळी पायलटांनी त्यांची तारीफ केली. तेल वाचवायचं असेल तर तापमान उतरवा, हा उपाय त्या लोकांनी दोन-एक महिन्यांत, युद्ध चालू असताना केला. बाकीच्या रोटरीवाल्या जर्मन तुकड्यांची परिस्थिती तशीच होती. फॉकर त्रिविमान उडवणारा योझेफ याकोब्स हा पायलट तर पाडलेल्या शत्रूच्या विमानातलं चांगलं ल रोन हे फ्रेंच रोटरी इंजिन आणून देणाऱ्याला शॅम्पेनची पेटी द्यायचा.

कुणी मला आज असं इंजिन नव्याने करायला सांगितलं तर मी काय करेन, यावर मी बराच विचार केला. पहिलं, पेट्रोल क्रँककेसमधून काढेन. इंधन सिलिंडरपाशी इंजेक्ट केलं की तेल धुतलं जायचा प्रश्न संपतो, मग साधं सिंथेटिक तेलही चालेल. दुसरं, पंप फेऱ्यांशीच बांधलेला ठेवेन पण लोडप्रमाणे मात्रा बदलेन. मझदाने व्हँकेलमध्ये हेच केलंय, तिथेही रोटरच्या टोकांवरच्या सीलला तेल द्यायला दुसरा मार्ग नाही म्हणून एक मीटरिंग पंप थोडं थोडं तेल मुद्दाम आत सोडतो आणि ते जळून जातं, आधी थ्रॉटलच्या दांडीला जोडलेला पंप होता, पुढे कॉम्प्युटरने चालणारा. आरएक्स-८ या गाडीच्या २००९ च्या मॉडेलला तर प्रत्येक रोटरला दोनाऐवजी तीन नोझल दिले, सीलच्या मधल्या भागाला तेल पोचावं म्हणून. शंभर वर्षांनी, सगळं वेगळं असूनही, प्रश्न तोच की थेंब कुठे पडतो.

तिसरं म्हणजे तेल परत आणणं. ते मला अजून सुटलेलं नाही. ३२० पट जोराविरुद्ध तेल मध्यभागी ओढायचं, आणि त्यासाठी लागणारं वजन इंजिनाच्या फायद्यापेक्षा कमी ठेवायचं, हे गणित कागदावर बसत नाही. तेव्हाच्या लोकांनीही ते सोडूनच दिलं, युद्ध संपल्यावर सिलिंडर जागच्या जागी ठेवून क्रँकशाफ्ट फिरवणारी रेडियल इंजिनं रूढ झाली, तिथे "खाली" परत मिळालं, तेल गळून संपमध्ये जमायला लागलं आणि दुसरा पंप ते टाकीत परत पाठवायला लागला.

इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ कलेक्शनमध्ये ल रोन इंजिनाची जुनी विमानं अजून उडवतात, आणि टाकीत अजूनही एरंडेलच असतं.